घुंगरांची मोटार

छन्न् करून घागरमाळ खुंटीवरून खाली आली, तेव्हा घरात इतकी शांतता होती की चुलीतलं लाकूडसुद्धा दबकत दबकत जळत होतं.

शांततेचं कारण इंद्रभाननं नुकतंच सांगितलं होतं. भाकरीचा तुकडा कढीत बुडवून तो तसाच हातात धरून बसला होता. सोजराचा हात परातीतल्या पिठातच राहिला होता.

"मालकानं चारचौघात सांगतलं," तो म्हणाला होता. "सोमवारी कचेरीची घंटा व्हायच्या आत मोटार बुलडाण्याले पोचली नाही, त मंगळवारपासून चाक त्या निजाम डायवरच्या हाती."

त्यावर कोणीच काही बोललं नव्हतं. बोलली ती ही घागरमाळच.

दोघांनी वळून पाहिलं. चार वर्षांची अंबू कणगीवर चढून, खुंटीपर्यंत हात पोचवून, आता माळेसकट खाली उतरली होती आणि माळ गळ्यात घालून शहाण्यासारखी उभी होती.

"आपोआप पडली," ती म्हणाली.

"आन् तुह्या गळ्यात बी आपोआपच गेली का वं?" सोजरानं विचारलं.

"हाव."

इंद्रभानला हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन परत गेलं. सोजरानं माळ काढून घेतली. पितळी घुंगरं, चामड्याचा पट्टा, पट्ट्यावर लाल गोंडे, त्यातले दोन गेलेले. तिच्या बापाच्या पाखऱ्या बैलाची ही माळ. पाखऱ्या म्हातारा होऊन गोठ्यातच गेला, तेव्हा बापानं ती घासूनपुसून आणून दिली होती, नातीला खेळायला. पोरगी रडायला लागली की सोजरा ती हलवायची. ती गळ्यात बांधायला घरी गाय नव्हती, आणि नवऱ्याच्या जनावराला गळा नव्हता. त्याचं जनावर म्हणजे भगवंतरावांची मोटार.

भगवंतराव मोताळ्याचे मोठे असामी. शेती, वखार, आणि गेल्या काही सालांपासून मलकापूर स्टेशन ते बुलडाणा अशी प्रवासी मोटार. इंद्रभान आधी त्यांचाच गाडीवान. मोटार घेतली तेव्हा त्यांनी त्याला खामगावला एका मोटारवाल्यापाशी ठेवून शिकवून आणलं. शिकला चांगला, फक्त चढ लागला की अजूनही जिभेनं टिक् टिक् करून मोटारीला पुढं चालायला सांगायचा.

आणि एक करायचा नाही. बैलांच्या मागं भोंगा वाजवायचा नाही.

गाडीवान असताना एका मोटारीनं त्याच्या मागं येऊन असा भोंगा मारला होता की त्याचा बैल बुजून नालीत गेला, आणि पाय मोडला. मोटारवाला हसत निघून गेला. इंद्रभान संध्याकाळपर्यंत त्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यामुळं आता समोर गाडी आली, आणि वरचा गाडीवान झोपलेला असला, की हा मोटार थांबवायचा, उतरायचा, पायी पुढं जायचा आणि म्हणायचा, "राम राम पाटील. जरा बाजू देता का?" पाटील डोळे चोळत उठायचे, पानतंबाखूची देवघेव व्हायची, मग बाजू मिळायची. पुढं गेलं की दुसरी गाडी.

कापसाच्या दिवसांत या रस्त्यावर गाड्यांना तोटा नसतो. मलकापूरच्या जिनात कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या, आणि रात्रभर जागलेले गाडीवान. बैलांना घर ठाऊक असतं, म्हणून माणूस बिनघोर झोपतो. मधोमध गिट्टीचा रस्ता, दोन्ही बाजूंना भुसभुशीत काळी माती. बैल काय वेडे आहेत मातीतून चालायला?

त्यात राजूरचा घाट. चढावर बैलांना दम द्यायचा म्हणून गाडीवान चाकामागं दगड लावतो. दम खाऊन झाला की गाडी पुढं जाते आणि दगड रस्त्यातच राहतो. इंद्रभान तो प्रत्येक दगड उतरून उचलायचा आणि कडेला ठेवायचा. मोटारीतले लोक कपाळ बडवून घ्यायचे.

"हे मोटार हाये का दगडाची गाडी?"

"बुलडाण्याले पेशी हाये बाप्पा माही! माह्या नातवाच्या वक्ताले पोचन का हे?"

पेशी, म्हणजे खटल्याची तारीख, चुकलेले लोक भगवंतरावांकडं गेले होते, आणि भगवंतराव इंद्रभानकडं आले होते. इतकी साधी गोष्ट होती.

"मंग भोंगा वाजवा ना एखांद्या वेळेस," सोजरा हळूच म्हणाली.

इंद्रभाननं हातातला तुकडा शेवटी तोंडात घातला. "वाजवीन," तो म्हणाला. पण तो कसा म्हणाला हे तिनं ऐकलं, आणि वाजवणार नाही हे तिला कळलं. चाक गेलं तर मालक त्याला पुन्हा गाडीवर घेणार नाहीत; मोटारीवरून उतरवलेल्या माणसाला कोण काय देतं? घर सोडून मजुरीला दुसऱ्या गावी जावं लागलं असतं. हे दोघांनाही ठाऊक होतं म्हणून कोणी उच्चारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. सोजरा पाण्याला निघाली ती शेजारच्या अख्तरीभाभीबरोबर. अख्तरीभाभीचा नवरा पिंजारी. घरभर कापूस उडायचा आणि तिच्या केसांवर कायम दोन पांढरी बोंडं बसलेली असायची.

"सोजरा, ऐकलं का वं?" अख्तरीभाभी म्हणाली. "माहे मामू मलकापुराहून पैदल निघाले. तुह्या घरवाल्यानं म्हटलं, मामू, बसा मोटारीत. मामू म्हणे, नोको बेटा, आज जरा जल्दी हाये."

एरवी सोजरा हसली असती. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्तरीभाभीनं घागर खाली ठेवली. "या अल्ला! मजाक केली ना मी. काय झालं?"

सोजरानं सगळं सांगितलं. दोघी सडकेच्या कडेला लिंबाखाली उभ्या राहिल्या. बाजाराचा दिवस असल्यानं सडक गाड्यांनी गच्च होती. गाडीवान एकमेकांशी बोलत, कोणी भांडत, कोणी गाडीतच वांगी विकत. कोणी कोणाला वाट देईना.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. छुन् छुन्, छुन् छुन्. लहानशी दमणी, वर कनात, पडद्याआडून बांगड्यांचा हात बाहेर. आणि काय आश्चर्य, ज्या गाड्या हवालदाराला हलल्या नसत्या त्या एकेक करत डावीकडं सरकल्या. एकानंही मागं वळून पाहिलं नाही. वांगी विकणाऱ्यानं एका हातानं तराजू धरला आणि दुसऱ्या हातानं कासरा ओढला.

"लेकबाळ चालली असंन माहेरी," तो गिऱ्हाइकाला म्हणाला आणि पुन्हा वजन करू लागला.

ही त्या भागातली जुनी रीत. घुंगरांची दमणी मागून आली की तिच्यात कोणाची तरी लेक असणार, म्हणून वजनदार गाडीनं बाजूला व्हायचं. पाहायचं नाही, विचारायचं नाही. झोपेतसुद्धा हात कासऱ्यावर जातो.

सोजरा दमणीकडं पाहत राहिली. पाणी भरायचं विसरून.

"काय पाहून राह्यली?" अख्तरीभाभीनं विचारलं.

"भाभी," सोजरा म्हणाली, "माह्यापाशी घागरमाळ हाये."

रविवारी संध्याकाळी तिनं इंद्रभानला सांगितलं. तो इतका हसला की अंबूलाही काही न कळता हसू फुटलं.

"मोटारीले घागरमाळ? अवं, लोकं हसतीन!"

"आता काय रडून राह्यले का? हसूनच राह्यले ना? मंग जरा मोठ्यानं हसतीन." सोजरानं घुंगरं चिंचेनं घासायला घेतली. "आन् ऐका. उद्या मी आन् अंबू मोटारीत बसतो."

इंद्रभानचं हसू थांबलं. मालकाची मोटार; ड्रायव्हरच्या घरच्यांनी फुकट बसायचं नाही असा इंद्रभानचाच नियम होता. इतक्या सालांत अंबूनं मोटारीला फक्त हात लावला होता, तोही धुतलेला.

"तिकीट काढीन," सोजरा म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस असंन त पोरीले एक डाव पाहू द्या, आपला बाप चाक कसं फिरवते."

इंद्रभाननं माळ हातात घेतली. गोंडे गेले होते तिथं त्यानं स्वतः लाल चिंधी बांधली.

सोमवारी मोटार मलकापुराहून मोताळ्यात आली तेव्हा भरलेलीच होती. क्लीनर कय्यूमचाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, पायरीवर उभा. त्यानं माळ पाहिली, इंद्रभानकडं पाहिलं, सोजराकडं पाहिलं.

"इंद्रभानभाई, मोटारीची शादी हाये का आज?"

"बांधा चाचा, वरच्या दांडीले."

माळ टपाच्या पुढच्या दांडीला बांधली. सोजरा अंबूला मांडीवर घेऊन तिच्याच खाली, पुढच्या बाकावर बसली. शेजारी सत्यभामाबाई होत्या, शेताच्या बांधावरून दिराशी वर्षानुवर्षं खटला लढणाऱ्या, अंगानं काडी आणि आवाजानं नगारा.

"तू याची बायको का?" त्यांनी विचारलं. "मंग सांग ना त्याले, मले मराच्या आधी निकाल पाह्याचा हाये."

कय्यूमचाचानं हँडल मारलं, मोटार खोकली, शिंकली आणि निघाली. घुंगरं वाजू लागली. बाकांवर खसखस पिकली. सोजरानं पदर तोंडाला लावला आणि समोर पाहत राहिली.

गावाबाहेर पहिली गाडी. गाडीवान उताणा, तोंडावर पागोट्याचं टोक. मोटारीची घरघर त्याला ऐकू येत असणारच, पण त्या आवाजानं झोप उलट गाढ होते. इंद्रभाननं सवयीनं मोटार हळू केली, पाय उतरायला सज्ज झाला. छुन् छुन्, छुन् छुन्.

तोंडावरचं पागोटं तसंच राहिलं. एक हात उठला, कासरा ओढला, आणि गाडी डावीकडं मातीत उतरली.

मोटारीतलं हसणं गपकन थांबलं.

शेजारून जाताना गाडीवानानं एक डोळा उघडला, माहेरवाशिणीची दमणी पाहायला. दिसली मोटार. तो ताडकन उठून बसला.

"बे! हे त इंद्रभानची मोटार!"

"आत माहेरवाशीण हाये ना!" कय्यूमचाचा पायरीवरून ओरडला आणि सोजराकडं बोट दाखवलं. सगळी मोटार हसली, आणि या वेळचं हसणं वेगळं होतं. सोजराही हसली.

दुसरी गाडी सरकली. तिसरी सरकली. मोटार चालत नव्हती, वाहत होती. सत्यभामाबाईंनी कनवटीची तंबाखू काढून सोजरापुढं धरली, हा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा मान होता. अंबू बाकावर उभी राहिली आणि मधूनमधून माळेला हात लावून ती आणखी वाजवू लागली. इंद्रभाननं एकदा मागं वळून पाहिलं. लग्नाच्या मांडवात अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं होतं तसं पाहिलं.

आणि मग, राजूर थोडं लांब असताना, वळणापुढं एक दमणी दिसली.

हिरवी कनात, रंगवलेली चाकं, दोन ताठ खिल्लारी पाठी. कय्यूमचाचानं कपाळाला हात लावला.

"मालक!"

भगवंतरावच होते. त्यांचीही आज पेशी होती. आपल्याच मोटारीत बसलो तर पेशी चुकेल, अशी खात्री असल्यानं ते पहाटेच दमणी जुंपून निघाले होते. आणि दमणी ते दुसऱ्याच्या हातात देत नसत. त्यांचे कवड्या आणि तांब्या हे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाव काढलेले बैल. मोटार लोकांसाठी होती. जीव बैलांत होता.

छुन् छुन्, छुन् छुन्, मोटारीची घुंगरं म्हणाली.

साधा गाडीवान घुंगरं ऐकून बाजू देतो, कारण त्याला वाटतं मागं कोणाची लेक आहे. पटाचा शौकीन घुंगरं ऐकतो तेव्हा त्याला वाटतं मागं कोणाची तरी जोडी आहे. हे सोजराच्या ध्यानात आलं नव्हतं. कवड्याचे कान मात्र उभे राहिले. तांब्यानं शेपूट उचलली. भगवंतरावांनी मागं न पाहता पागोटं डोक्यावर दाबलं, आणि दमणी सुटली.

"अरे, धावले!" मोटारीतून कोणीतरी ओरडलं.

इंद्रभाननं वेग वाढवला. घुंगरं आणखी जोरात वाजली. बैल आणखी जोरात धावले. दमणी गिट्टीच्या बरोबर मधून. डावीकडं नाली, उजवीकडं नाली. पुढं जायला जागा नाही. भगवंतरावांची धूळ सगळ्यांच्या डोळ्यांत जाऊ लागली.

"मालक! ओ मालक! आपली मोटार हाये!" कय्यूमचाचा बोंबलला. पण दमणीच्या चाकांचा खडखडाट, बैलांची स्वतःची घुंगरं आणि भगवंतरावांचं "हुर्र हा! हुर्र हा!" यातून काय ऐकू जाणार? आणि मागं ते पाहणार नव्हते. पटात जो मागं पाहतो तो हरतो, हे त्यांच्या आज्यानं त्यांना शिकवलं होतं.

सगळ्यात मोठी गंमत मोटारीत झाली. ज्यांची पेशी चुकत होती तेच लोक उभे राहिले. निम्मे म्हणत होते, मोटार काढ, मोटार काढ; निम्म्यांना पेशीचा विसरच पडला होता. "वा रे कवड्या! पाह्य कसा पाय टाकते!" सत्यभामाबाई तर बाकावर चढल्या आणि दिराला शिव्या घालायच्या त्या आवाजात ओरडल्या, "हान बापू, हान!"

"कोनाले म्हनता आजी, मोटारीले का बैलाले?"

"जो पुढं असंन त्याले!"

अंबू आनंदानं वेडी झाली होती. दोन्ही हातांनी माळ धरून हलवत होती.

कय्यूमचाचा पायरीवरून वाकला आणि इंद्रभानच्या कानाशी म्हणाला, "भाई, घंटा होईन. एक भोंगा मारू दे. एकच. बैल बुजतीन, दमणी मातीत उतरन, आपन निंगून जाऊ." त्याचा हात भोंग्याच्या रबरी फुग्यावर होता.

सोजरानं ते ऐकलं. तिनं भोंग्याकडं पाहिलं. एकदा दाबला की काम झालं असतं. घर राहिलं असतं, गाव राहिलं असतं, चूल त्याच जागी राहिली असती. दाबा, असं तिच्या जिभेवर आलंही. तेवढ्यात दमणीचं उजवं चाक नालीच्या काठावरून गेलं, थोडी माती ढासळली, कवड्याचं डोकं क्षणभर तिकडं वळलं. तिला तिच्या बापाचा पाखऱ्या आठवला, म्हातारपणी दारातून येतानासुद्धा आधी अंबूला बाजूला होऊ देणारा.

इंद्रभाननं कय्यूमचाचाचा हात भोंग्यावरून काढला. "नोको चाचा. जाऊ दे चाक."

तो हे अगदी सहज म्हणाला, आणि त्याच क्षणी सोजराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बैलांना मोटार पळवत नव्हती. तिची माळ पळवत होती.

ती उठली. अंबूला एका हातानं धरलं, आणि दुसऱ्या हातानं घागरमाळ मुठीत घट्ट आवळली. उरलेली घुंगरं तिनं पदरात दाबली.

एकाएकी घुंगरं गप्प.

इंद्रभाननं मोटार हळू केली. पुढं दमणीचा खडखडाटही हळूहळू उतरत गेला. मागची जोडी मागं पडली, असं भगवंतरावांना वाटलं. राजूरच्या घाटाच्या पायथ्याशी, झाडाखाली, त्यांनी दमणी ऐटीत डावीकडं घेतली, बैलांच्या पाठीवर थापा मारल्या, मिशीवरून हात फिरवला, आणि मग, आता जिंकल्यावर, मागं वळून पाहिलं.

"कोनाची हो दमणी—"

पुढचा शब्द आलाच नाही. समोर त्यांचीच मोटार होती. तिच्यात धुळीनं पांढरे झालेले त्यांचेच प्रवासी होते. आणि इंद्रभान खाली उतरून हात जोडून उभा होता.

"राम राम मालक."

"तू?" भगवंतराव म्हणाले. "मंग घुंगरं कोनाची?"

"मोटारीची."

बैलांच्या तोंडाचा फेस खाली पडत होता.

"भोंगा काऊन नाही वाजवला बे? मी बाजूले झालो असतो ना!"

"दोन्हीकून नाली होती मालक. बैल बुजले असते." इंद्रभान जरा थांबला. "कवड्याचा पाय लय नाजूक हाये."

भगवंतरावांनी कवड्याच्या पायाकडं पाहिलं. मग इंद्रभानकडं. काय बोलावं ते त्यांना सुचेना, पण सत्यभामाबाईंना सुचण्याची अडचण कधीच नव्हती.

"मंग भगवंतराव," त्या मोटारीतूनच म्हणाल्या, "उशीर केला म्हून मोटारीचं चाक निजामले देता. आता दमणीचा कासरा कोनाले देता, ते बी सांगून टाका."

हसू आधी कय्यूमचाचाच्या दाढीतून फुटलं, मग सगळ्या मोटारीतून. भगवंतरावांनी रागवायचा प्रयत्न केला. पागोटं काढलं, झटकलं, परत घातलं. शेवटी त्यांच्या मिशीनंच दगा दिला आणि ते स्वतःही हसले.

पण पेशी तर त्यांचीही होती, आणि दमलेले बैल घाट चढणार नव्हते. राजुरात ओळखीच्या घरी दमणी सोडली, आणि मालक पहिल्यांदाच आपल्या मोटारीत, सोजरा आणि सत्यभामाबाईंच्या मागच्या बाकावर, अंग चोरून बसले.

घाटात पहिल्याच वळणावर दगड. इंद्रभान थांबला, उतरला, दगड कडेला ठेवला. भगवंतराव गप्प. दुसरा दगड, गप्प. तिसऱ्या दगडापाशी वर त्यांचीच एक रिकामी गाडी चढताना दिसली, आणि दगड कोणी टाकला हे सांगायची गरज राहिली नाही. इंद्रभान उतरायच्या आधी भगवंतराव उतरले. धोतराचा सोगा खोचून त्यांनी दगड उचलला. चांगला जड होता. कडेला ठेवून ते परत आले आणि हात झटकत, कोणाकडंही न पाहता म्हणाले, "रोज इतके असतेत का?"

"कापसाच्या दिवसांत जास्ती असतेत," इंद्रभान म्हणाला.

बुलडाण्यात पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती. कचेरीच्या आवारात पट्टेवाल्याचा पुकारा ऐकू आला, "भगवंतराव हाऽऽजिर हो!" आणि भगवंतराव मोटार पुरती थांबायच्या आत पागोटं हातात धरून पळाले. त्यांचे कवड्या-तांब्या सकाळी जसे पळाले होते, अगदी तसे.

सोजरा लिंबाखाली बसली. घंटा चुकली होती. बोललेला शब्द मालकाला फिरवता येईल का, तिला माहीत नव्हतं. तिनं अंबूला दशमी भरवली. इंद्रभान मोटारीला पाणी पाजत होता. कोणी कोणाकडं पाहत नव्हतं.

भगवंतराव बाहेर आले ते पुढची तारीख घेऊन. सरळ मोटारीपाशी आले. लोक जमले.

"इंद्रभान."

"जी."

"मी चारचौघात बोललो होतो, म्हून चारचौघातच सांगतो. आज उशीर माह्यानं झाला. चाक तुह्याच हाती राहीन." मग माळेकडं बोट दाखवून, आवाज चढवून, "आन् हे राहू दे. फक्त माही दमणी पुढं दिसली का कय्यूमनं हातानं धरून ठेवाची. माहे बैल मरतीन पळून पळून."

"मंजूर!" कय्यूमचाचा म्हणाला आणि तिथंच मुठीत धरून दाखवली.

सोजरानं मान खाली घातली. डोळे पुसायला पदर पुरला नाही, म्हणून अंबूच्या झबल्याला पुसले.

परतताना मोटार अर्धी रिकामी होती. ऊन कलतीला आलं होतं, घाटातली सागाची पानं सोन्यासारखी दिसत होती. घुंगरं निवांत वाजत होती. एका अरुंद वळणावर खालून कापूस टाकून परतणारी रिकामी गाडी वर आली. गाडीवान जागा होता. त्यानं मोटार पाहिली आणि गाडी डावीकडं दाबून थांबला. इंद्रभाननंही मोटार डावीकडं दाबली आणि थांबला.

"तुमी या डायवरसायेब!" गाडीवान म्हणाला.

"नाही नाही, तुमी चढावर हा. तुमी पैले!"

"माह्या बैलाले दम घ्यायचाच हाये. तुमी निंगा."

"बैलाले घरी जायची घाई असंन. तुमी निंगा!"

दोघेही हात पुढं करून बसले. बैल उभे, मोटार उभी. कय्यूमचाचा हसायला लागला. सोजरालाही हसू येत होतं. असा रस्ता तिनं कधी पाहिला नव्हता.

तिच्या मांडीवर पेंगुळलेली अंबू उठून बसली. तिनं बैलांकडं पाहिलं, बापाच्या पुढं केलेल्या हाताकडं पाहिलं, गाडीवानाच्या पुढं केलेल्या हाताकडं पाहिलं, आणि खूप वेळ विचार करून आईची हनुवटी आपल्याकडं वळवली.

"माय, समदेच समद्यायले वाट द्याले लागले, त मंग पैले जाईन कोन?"